न लिहिलेला सूर

पोन्ताल्तो, २ नोव्हेंबर १९५८

प्रिय आर्जिया,

आपल्या गावावर घोर संकट कोसळलं आहे. मागे पो नदी चर्चच्या पायरीपर्यंत आली होती तेव्हाही माणसं इतकी हवालदिल झाली नव्हती. थिएटर समितीने गॅलरीत उशा आणायला बंदी केली आहे.

आमची बाकडी तुला आठवत असतील. ज्या सुताराने ती केली त्याचं स्वतःच्या सासरच्यांशी वैर असणार आणि ते सगळे ऑपेराचे शौकीन असणार. चार अंक त्या फळीवर काढायचे म्हणजे संगीतावरचं प्रेम थेट हाडाने सिद्ध करावं लागतं. पण गेल्या मोसमात एका बॅरिटोन गायकाच्या अंगावर उशा पडल्या, त्यातली एक ढोलात गेली, आणि समितीचे अध्यक्ष नोटरी व्हेर्नित्सी यांना संस्कृतीची काळजी वाटू लागली. स्वतः ते पहिल्या मजल्यावरच्या बॉक्समध्ये लाल मखमलीवर बसतात. संस्कृती तिथूनच छान दिसते.

आमिल्कारेने बंदीवर तोडगा काढला आहे: उशी कोटाच्या आत पोटावर बांधून आणायची. दारावरचा माणूस म्हणाला, ‘‘आमिल्कारे, तब्येत सुधारली की.’’ हा म्हणाला, ‘‘बायकोची कृपा.’’ त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली.

तू हे गाव सोडलंस तेव्हा आमिल्कारे गाड्यांवर गार्ड होता. आता निवृत्त होऊन गॅलरीचा कारभार पाहतो. गार्डाची शिट्टी अजून त्याच्या खिशात असते. दोन वर्षांपूर्वी एक टेनर गायक कमी पडला, तेव्हा त्याला पाडायला त्याने ती वाजवली. दुसऱ्या दिवशी तो टेनर दाढी करायला बसला, तर न्हाव्याने अर्धी दाढी केली, वस्तरा पुसला आणि म्हणाला, ‘‘तुम्हीही तिसरा अंक अर्धाच गायलात.’’ त्या अर्ध्या दाढीची बातमी त्याच्या आधी रोमला पोचली. पुढे त्याला कुणी मोठ्या थिएटरात उभा केला नाही.

आज भित्तिपत्रक लागलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्तेफानोला, मोसम उघडणार आणि तू गाणार! मी चौकात नाचायचाच बाकी होतो. आमिल्कारेने तुझं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाला, ‘‘आपली पोरगी आहे. आपल्या पोरीला जास्त नीट ऐकलं पाहिजे.’’

याचा अर्थ तुला मी सांगायला नको.

तुझा मावसभाऊ,
लेआर्को


मिलान, ९ नोव्हेंबर

प्रिय लेआर्को,

तुझ्या बुडाबद्दल मनापासून दुःख झालं.

मी ठीक आहे. थोडी सर्दी आहे. लिस्बनहून आल्यापासून गळ्याला मफलर आहे, पण मिलानमध्ये या दिवसांत कुत्र्यांच्या गळ्यालाही मफलर असतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या गावात गायला बोलावणं येतं, म्हणजे एकतर गाव मोठ्या मनाचं झालंय, किंवा मी स्वस्त झालेय. काय ते तू ठरव.

दिर्चे वहिनीला सांग, नाताळाला तिच्या हातचे सारण भरलेले, रश्श्यातले आनोलिनी खायला येणार आहे.

आणि सहज विचारते, तिसऱ्या अंकातल्या त्या वरच्या सुराबद्दल गॅलरीत काय बोलतात? अजून तसाच वेडेपणा आहे का?

आर्जिया


पोन्ताल्तो, १६ नोव्हेंबर

प्रिय आर्जिया,

वेडेपणा? बाई, वेडा माणूस अधूनमधून शहाण्यासारखा वागतो तरी.

आमच्याकडे त्या सुरासाठी माणसं अख्खा ऑपेरा सहन करतात. नायिका बापाला शेवटचा निरोप देते, आवाज पायरी पायरी वर चढतो, आणि तिथे, अगदी वर, तो सूर. त्या वेळी गॅलरीत कुणी खोकत नाही. मागे एकाला खोकला आला तर त्याने टोपी तोंडात कोंबली. चौकात ज्या म्हाताऱ्याचा पुतळा आहे त्याने हा ऑपेरा आपल्या गावासाठी रचला आणि तो सूर आपल्या गॅलरीसाठी, असं आमिल्कारे मानतो. पुतळ्याजवळून जाताना तो टोपी काढतो. चर्चजवळून जाताना काढत नाही.

तुझं पत्र दिर्चेला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, ‘‘‘सहज’ विचारतेय? सहज विचारणारी बाई रात्रभर जागी असते. काय झालंय तिला?’’

मी म्हटलं, सर्दी झालीय. ती म्हणाली, ‘‘तू चीजच बडव.’’

तर बडवणाऱ्याची एक गोष्ट ऐक. माझं काम तुला माहीत आहे. चीजच्या मोठ्या चाकावर हातोडी मारायची आणि कान लावायचा. चाक आतून भरीव असलं तर उत्तर लगेच येतं. आत कुठे पोकळी असली तर उत्तर येतं, पण क्षणभर उशिरा, विचार करून दिल्यासारखं. ऑक्टोबरात लिस्बनचा तुझा कार्यक्रम रेडिओवर ऐकला. एका जागी मला तसं वाटलं. दिर्चे म्हणते रेडिओ जुना आहे.

रेडिओ जुना आहे ना, आर्जिया?

लेआर्को


मिलान, २४ नोव्हेंबर

लेआर्को,

रेडिओ चांगला आहे. विकू नकोस.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. हे पत्र वाचून शेगडीत टाक.

लिस्बनमध्ये त्या सुरावर गेले, तोंड उघडलं, आणि तिथे काही नव्हतं. आवाज फाटला असता तरी चाललं असतं, फाटलेला आवाज निदान आवाज असतो. तिथे नुसती हवा होती. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. पुढच्या क्षणी आवाज परत आला. लोकांना वाटलं मी भावनेने श्वास घेतला. एका वर्तमानपत्राने त्या श्वासाचं कौतुकसुद्धा केलं. मी मात्र त्या पायरीवरून अजून पडतेच आहे.

डॉक्टरने आरसा घालून घसा पाहिला. म्हणतो, काही नाही, विश्रांती घ्या. काही असतं तर बरं झालं असतं. जे दिसतच नाही त्याला औषध कसलं द्यायचं?

रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी उशीत तोंड खुपसून तो सूर हळूच लावून बघते. कधी असतो, कधी नसतो. असला तर दिवसभर भीती वाटते की संध्याकाळी नसेल. नसला तर... तू समजून घे. हल्ली रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तर मी दुकानात शिरते, बोलावं लागू नये म्हणून. परवा अशीच शवपेट्यांच्या दुकानात शिरले. माणूस फार अदबीने वागला.

पोन्ताल्तोच्या समितीने माझ्या जागी आयत्या वेळी उभी करायला एक पोरगी ठेवली आहे, चोवीस वर्षांची. मिलानमध्ये तालमीला येते, माझ्या समोर बसते आणि नासपती खाते. माझ्या गळ्याकडे बघत खाते.

आणि मोसम उघडेल त्या रात्री नापोलीच्या ऑपेरा थिएटरचा माणूस ऐकायला येणार आहे. वसंतात तिथे तीन भूमिका आहेत. तुमच्या गॅलरीने मला पाडलं तर नापोली नाही, आणि नापोली नाही तर कुठेच नाही. या वयात पडलेल्या बाईला परत उभं करत नाहीत, नासपतीवालीला उभं करतात.

आता एक गंमत ऐक. म्हाताऱ्याने तो सूर लिहिलेलाच नाही. छापील स्वरलिपीत तिथे आवाज खाली येतो, हळू होत होत खाली. पन्नास वर्षांपूर्वी कुण्या बाईला आपला गळा दाखवायचा होता, तिने वर उडी मारली आणि तेव्हापासून आम्ही सगळ्या उडी मारतो. हे आम्हा गाणाऱ्यांना सगळ्यांना माहीत आहे. फक्त तुमच्या गॅलरीला नाही.

मी तुला एकच मागते. वीस डिसेंबरला तिथे रंगीत तालीम आहे. गॅलरीत अंधारात लपून बस. मला हातोडी मारून बघ. आणि जे ऐकू येईल ते सांग. गोड बोलू नकोस. तू गोड बोललास तर मला कळेल की सगळं संपलं.

आर्जिया


पोन्ताल्तो, २१ डिसेंबर
(दिर्चेच्या हाती, सुपाच्या भांड्याखाली)

आर्जिया,

एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर असून पत्र लिहितो आहे, कारण तू गळा राखायला म्हणून गाणं सोडून एरवी मौन धरलं आहेस आणि हॉटेलवाली सांगते की तू सूपसुद्धा खुणेने मागतेस.

काल रात्री बाकड्यांमध्ये आडवा पडून ऐकलं. आता सांगतो.

दोन अंक भरीव. मी इतकी वर्षं ऐकतो आहे, असं कमी ऐकलं. तिसऱ्यात तू चढू लागलीस आणि मी हाताची मूठ दाताखाली धरली. सूर आला. पण उशिरा आला, आर्जिया. विचार करून आला. तिथे पोकळी आहे.

आमिल्कारेला हे पहिल्या फटक्यात कळेल.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. पोकळी असलेलं चाक आम्ही फेकत नाही. त्याच्या सालीवर रेघा मारतो, म्हणजे घेणाऱ्याला कळतं की हे वर्षानुवर्षं ठेवायचं नाही, आत्ता खायचं. आत्ता खाल्लं तर चवीला कुठेही उणं नसतं. माझ्या घरात तेच असतं. तेव्हा म्हाताऱ्याने लिहिलंय तसं गा. खाली ये. काल तू दुसऱ्यांदा तो तुकडा घेतलास, तेव्हा वाद्यवृंद चालवणाऱ्या मायेस्त्रोने तुला अर्ध्या आवाजात गायला सांगितलं आणि तू खालीच आलीस. आठवतं? माझ्या अंगावर काटा आला. थंडी होती, पण थंडीचा काटा वेगळा असतो.

आमिल्कारेला चाचपून पाहायला आज बारमध्ये गेलो. लाम्ब्रुस्को वाइनचा पेला त्याच्या पुढे सरकवला आणि म्हटलं, ‘‘ऐकलं का, तो सूर म्हणे म्हाताऱ्याने लिहिलेलाच नाही.’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘स्वरलिपी म्हणते. छापील कागद.’’

‘‘मग कागद चुकलाय.’’

‘‘अरे, त्यानेच लिहिलाय तो!’’

‘‘लिहिताना त्याची तब्येत बरी नसेल,’’ आमिल्कारे म्हणाला. मग पेला ठेवून माझ्याकडे बघितलं. ‘‘लेआर्को, तू हे का विचारतोस?’’

मी म्हटलं, सहज.

तो म्हणाला, ‘‘तुझी बहीण आहे म्हणून सांगतो. शिट्टी मी धुऊन ठेवलीय.’’

मला भीती वाटते आहे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं असेल तर सांभाळून घे.

लेआर्को


हॉटेल, नाताळची सकाळ

लेआर्को,

दिर्चेने काल पाठवलेले आनोलिनी गिळता आले नाहीत. दिर्चेला सांग, सगळे संपवले. नासपतीवालीला दिले, तिने सगळे संपवले.

कसं गायचं ते ठरत नाही. वर गेले आणि पायरी नसली तर मेले. खाली आले तर शिट्टी. त्या जागेला पोचेन तेव्हाच कळेल मी काय करणार ते. खिडकीतून थिएटर दिसायला हवं, पण धुक्यात फक्त दारावरचा दिवा दिसतो. माझ्याकडेच बघत असल्यासारखा वाटतो.

काहीही झालं तरी कीव करून पहिली टाळी तू वाजवू नकोस. ती मला ओळखू येईल.

आपल्यात गाणाऱ्याला ‘लांडग्याच्या तोंडात जा’ असं म्हणून निरोप देतात. या खेपेला ते तू म्हणू नकोस. लांडगा गॅलरीत बसणार आहे आणि त्याने शिट्टी धुऊन ठेवलीय.

आ.


मिलान, २७ डिसेंबर

लेआर्को,

न भेटता निघाले, माफ कर. मागच्या दाराने, रंगमंचावरचे बूट पायात तसेच, धुक्यातून स्टेशनवर चालत आले. मागून गर्जना ऐकू येत होती. मला वाटलं, माझ्या मागे येतायत.

मी खाली आले. वर जायचं धाडस झालं नाही. शेवटचा स्वर सोडला आणि ती शांतता. मग कुणीतरी ओरडलं, ‘‘सूर! सूर कुठाय?’’ आणि मग ती शिट्टी. मग सगळं थिएटर फुटलं. शेवटचा अंक मी कसा गायले ते मला आठवत नाही. पडदा पडल्यावर मी कानांवर हात धरले आणि चालू लागले.

नापोलीला पत्र लिहून टेबलावर ठेवलं आहे. मी आता गाणार नाही असं लिहिलंय. त्यांनी मला नाकारण्यापेक्षा हे बरं. सोमवारी टपालात टाकते. इतकी वर्षं ज्याची भीती वाटत होती ते झालं, तर आता शांत वाटायला हवं. नाही वाटत. आज सकाळी उशीत तो सूर लावून बघितला. होता.

आर्जिया


तार. पोन्ताल्तो, २९ डिसेंबर

नापोलीचं पत्र टाकू नकोस. शिट्टी तुला नव्हती. सविस्तर मागून. लेआर्को


पोन्ताल्तो, २९ डिसेंबर

आर्जिया,

तार मिळाली असेल. वेळेवर मिळाली का, हे कळेपर्यंत माझ्या पोटात जेवण टिकणार नाही. दिर्चे म्हणते तेवढाच फायदा. नीट बसून वाच. तू गोड बोलू नको म्हणाली होतीस. यात गोड काही नाही.

तू खाली आलीस. हळू होत होत खाली, जसं म्हाताऱ्याने लिहिलंय तसं. मी तुला भरीव म्हणतो तेव्हा माझ्यावर विश्वास ठेव. मग शांतता. मी आमिल्कारेच्या शेजारी होतो. त्याचा हात खिशात गेला. शिट्टी बाहेर आली, ओठावर गेली, आणि त्याने छाती भरून श्वास घेतला. रोख तुझ्यावर होता. हे मी लपवणार नाही. मी त्याची बाही धरली, त्याने झटकली. त्या एका श्वासात मला तुझं सगळं आयुष्य दिसलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून, मखमलीतून, नोटरी व्हेर्नित्सी बॉक्सच्या बाहेर वाकला आणि ओरडला, ‘‘सूर! सूर कुठाय?’’

आर्जिया, या थिएटरात बॉक्समधून कधी कुणी ओरडलेलं नाही. त्यांनी हातमोज्यात टाळ्या वाजवायच्या आणि पंखे हलवायचे, एवढंच. गाणाऱ्याला पाडायचं की तारायचं ते गॅलरी ठरवते. आपल्या आजोबांच्याही आधीपासून.

आमिल्कारेचा चेहरा पांढरा पडला. मग लाल. त्याने शिट्टी तशीच ओठात ठेवून मान वळवली आणि वाजवली. तुझ्यावर नाही. नोटरीवर. इंजिन थांबावं अशी वाजवली. मग शिट्टी काढून ओरडला, ‘‘ए मखमल्या! इथे कुणाला पाडायचं ते आम्ही ठरवतो! तू खाली बस आणि मृत्युपत्रं लिही!’’

बस. मग जे फुटलं ते थिएटर नव्हतं, इतक्या वर्षांचा राग होता. ‘‘आमच्या उशा परत दे!’’ ‘‘आमची पोरगी आहे, तुझ्या बापाची नाही!’’ न्हावी तर बाकड्यावर उभा राहून म्हणाला, ‘‘नोटरी, उद्या दाढीला ये!’’ आणि मग तुझ्यासाठी टाळ्या. सुरुवातीला त्या केवळ नोटरीला खिजवायला होत्या. हेही लपवणार नाही. पण शेवटच्या अंकात तू मरायला लागलीस तेव्हा कुणी नोटरीकडे बघत नव्हतं. न्हाव्याने टोपी तोंडात कोंबली होती आणि त्याला खोकला नव्हता.

तू ऐकलीस ती गर्जना तुला पडद्याबाहेर बोलावत होती. दिवे मालवले तरी लोक हलेनात. शेवटी त्या पोरीने, नासपतीवालीने, पडद्यातून डोकं काढून सांगितलं, ‘‘बाई गेल्या.’’ तेव्हा आमिल्कारे म्हणाला, ‘‘गेली? अजून हिशोब व्हायचाय!’’

म्हणजे तुला माफी नाही. दया नाही. तू वाचलीस ती आमच्या अहंकारामुळे. पण वाचलीस.

आणि एक. त्या गोंधळात मी आमिल्कारेच्या बुडाखालची उशी ओढली आणि नोटरीच्या बॉक्सवर फेकली. हे त्याला अजून माहीत नाही. तो समितीवर संशय घेतो.

लेआर्को


मिलान, ४ जानेवारी १९५९

लेआर्को,

तार आली तेव्हा पत्र कोटाच्या खिशात होतं आणि मी जिन्यात होते. तुला जाळायला सांगितलेल्या पत्रासारखंच तेही शेगडीत गेलं.

तू लिहिलं असतंस की गॅलरी विरघळली, रडली, मला समजून घेतलं, तर एक अक्षर खरं मानलं नसतं. पण नोटरीवरच्या रागाने टाळ्या वाजवल्या! हे आपलंच गाव. हे खोटं असूच शकत नाही. किती दिवसांनी हसले, आणि हसताना पहिल्यांदा घशाची आठवण झाली नाही.

आता ऐक. नापोलीचा माणूस नोटरीच्या बॉक्समध्ये बसला होता. पाहुणा म्हणून. तुझी उशी नोटरीला लागली नाही, त्याला लागली. त्याचं पत्र आलंय. लिहितो: ‘ज्या बाईसाठी लोक उशा फेकतात तिला घ्यायलाच हवं. मात्र तो सूर आमच्याकडेही न घेता गावा, लिहिलाय तसा. माझे केस उभे राहिले. उशीमुळे नव्हे.’

तीनपैकी दोन भूमिका दिल्यात. तिसरी कुणाला, ते तुला सांगायला नको. नासपतीची टोपली पाठवून अभिनंदन करणार आहे.

भीती गेली असं समजू नकोस. सकाळी उशीत तोंड खुपसतेच. पण हल्ली वरचा सूर बघत नाही, खालचा बघते. तो असतो.

आमिल्कारेला काय सांगू? आभार?

आर्जिया


पोन्ताल्तो, ११ जानेवारी

प्रिय आर्जिया,

आभार मुळीच मानू नकोस, तो दुखावेल. मी त्याला नापोलीचं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘चांगलं झालं. पण त्या पोरीचा एक सूर राहिलाय. पुढच्या वेळी येईल तेव्हा बघू.’’ आणि खिशावर हात ठेवला. म्हणजे लांडगा जिवंत आहे. पण जाता जाता पुतळ्यापाशी थांबला, टोपी काढली, आणि म्हाताऱ्याला म्हणाला, ‘‘खाली येतो म्हणे. आधी सांगायचं होतंस.’’

उशीबंदी कायम आहे. नोटरीने दारावर आता दोन माणसं ठेवली आहेत आणि गेल्या रविवारी आमिल्कारे फळीवर बसला. त्याचं वय आणि हाडं दोन्ही तुला माहीत आहेत. दर अंकानंतर तो उठून उभा राहत होता आणि मला सांगत होता, ‘‘ज्याने माझी उशी घेतली ना, त्याला देव बघून घेईल.’’ मी म्हणालो, ‘‘बघेलच.’’

दिर्चेने जुन्या कोटाच्या अस्तरातून एक उशी शिवली आहे, आत लोकर भरून. काल ती पोटावर बांधून गॅलरीत गेलो. दारावरचा जुना माणूस म्हणाला, ‘‘लेआर्को, तब्येत सुधारली की.’’ मी म्हणालो, बायकोची कृपा. कुणी यायच्या आत ती आमिल्कारेच्या जागेवर ठेवली, आणि मी आपल्या फळीवर येऊन बसलो.

लेआर्को